स्तोत्रसंहितेतील ‘तू’

बायबलातील स्तोत्रसंहिता आपल्याकडील सुशिक्षित वाचकांच्या हाती येते ती बहुधा दोन वाटांनी. एक वाट इंग्रजी वाङ्मयाची. मिल्टनने वयाच्या पंधराव्या वर्षी ११४ व १३६ ह्या स्तोत्रांची पद्यरूपे केली. सर फिलिप सिडने ह्याने सबंध संहिता इंग्रजी वृत्तांत उतरविण्याचे काम आरंभिले व त्याच्या मृत्यूनंतर त्याची बहीण मेरी हर्बर्ट हिने ते तडीस नेले. आणि मायल्स कव्हरडेलच्या गद्याने चर्चच्या प्रार्थनापुस्तकातून इंग्रजी कानास चार शतके वळण लावले, इतके तरी महाविद्यालयात इंग्रजी घेतलेल्यास ठाऊक असते. दुसरी वाट भेटकार्डांची व भिंतीवरील दिनदर्शिकांची: हिरवे कुरण, संथ ओहोळ, खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ, आणि खाली तेविसाव्या स्तोत्रातील एखादे वाक्य. पहिल्या वाटेने आलेला वाचक ह्या ग्रंथाकडे शैलीचा नमुना म्हणून पाहतो, दुसरीने आलेला औषधाची बाटली म्हणून. ग्रंथ सबंध वाचण्याचे कारण दोघांसही पडत नाही. जो वाचील त्यास मात्र आरंभीच एक गोष्ट चकित करते. दीडशे स्तोत्रांच्या ह्या संग्रहाचे हिब्रू नाव ‘तेहिल्लीम’, म्हणजे स्तवने, असे आहे. पण आत कोणत्याही एका प्रकाराची रचना अधिक असेल तर ती गाऱ्हाण्यांची. हेर्मान गुंकेल ह्या जर्मन पंडिताने १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या भाष्यात स्तोत्रांची प्रकारवार लावणी केली, तीत एकट्यादुकट्या मनुष्याची करुण गाऱ्हाणी सर्वांत पुष्कळ निघाली.

ह्या संहितेवर जी भक्तिपर पुस्तके निघतात त्यांचा सिद्धान्त बहुधा ठरलेला असतो: देव सुखात जसा जवळ असतो तसाच दुःखातही असतो, आणि स्तोत्रकर्त्यांस ह्याची सदैव प्रतीती होती. ह्याचा पूर्वार्ध श्रद्धेचा विषय आहे. त्यात टीकाकाराने पडू नये. उत्तरार्ध मात्र वाङ्मयाविषयीचे विधान आहे, आणि ते खरे नाही. देव दूर आहे, त्याने तोंड फिरविले आहे, तो झोपला आहे, असे हे कवी वारंवार म्हणतात. तेरावे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे. त्यातील पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा विचारलेला आहे. चव्वेचाळिसाव्यात तर सबंध राष्ट्र उभे राहून, आमच्या हातून काही आगळीक घडली नसता ही दुर्दशा का, असा जाब मागते व देवास झोपेतून उठण्यास बजावते. मग सान्निध्य म्हणतात ते ह्यात कोठे आहे? आमच्या मते ते ह्या कवींच्या अनुभववर्णनात शोधू नये, त्यांच्या व्याकरणात शोधावे. देव जवळ नाही ही तक्रार ते शेजाऱ्यापाशी करीत नाहीत, देवापाशीच करतात. ‘तो नाही’ असे न म्हणता ‘तू नाहीस’ असे म्हणतात. ह्या दोन वाक्यांतील अंतर म्हणजेच स्तोत्रसंहिता, असे आम्हांस वाटते.

मराठी वाचकास देवाशी भांडण नवे नाही. तुकोबा विठोबास किती कठोर बोलले, जनाबाईने त्याला कसे फैलावर घेतले, हे ज्याने लहानपणापासून ऐकले आहे त्यास स्तोत्रकर्त्यांची धिटाई पाहून इंग्रज वाचकाइतका संकोच वाटणार नाही. परंतु एक भेद आहे आणि तो थोडा नव्हे. विठोबा विटेवर उभा आहे. भक्त त्याच्यावर रुसला तरी रुसून ज्याच्याकडे पाहावे ते मुख समोर असते. यरुशलेमच्या मंदिरात मूर्ती नव्हती. मूर्ती करण्यास धर्माज्ञेनेच बंदी होती. गंमत अशी की ज्या हिब्रू शब्दाचे भाषांतर ‘सान्निध्य’ किंवा ‘समक्षता’ असे होते त्याचा मूळ अर्थ ‘मुख’ असाच आहे. देवाच्या मुखापाशी येणे, त्याने मुख लपविणे, त्याच्या मुखापासून पळणे, ही भाषा पानोपानी आहे. आणि ते मुख कोणी कधी पाहिलेले नाही, घडविलेले नाही. पुढे इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या नबुखद्नेस्सराने नगर व मंदिर दोन्ही धुळीस मिळविली, तेव्हा मुखाची जागाही उरली नाही. उरला तो संबोधनाचा शब्द. मूर्तीने, गाभाऱ्याने, यात्रेने जे काम करावयाचे ते येथे एका द्वितीयपुरुषी सर्वनामास करावे लागले.

हे सर्वनाम कसे वापरले आहे हे पाहण्यासाठी तेविसावे स्तोत्रच घ्यावे. सर्वांच्या तोंडी असल्यामुळे ते नीट वाचले जात नाही. त्याच्या पहिल्या भागात कुरण आहे, पाणी आहे, सरळ वाट आहे, पोटभर चारा आहे; आणि तेथे कवी देवाविषयी बोलतो ते तृतीयपुरुषात. चांगल्या धन्याची नोकरी करणारा मनुष्य चारचौघांत त्याच्याविषयी जसे समाधानाने बोलेल तसे. मग वाट घळीत शिरते. यहूदाच्या डोंगराळ प्रदेशात अशा खोल, दिवसाही उजेड न शिरणाऱ्या घळी आहेत आणि कळप घेऊन त्या ओलांडाव्या लागत. येथील हिब्रू शब्दाचा अर्थ जुने भाषांतरकार मृत्यूची छाया असा करीत. अलीकडील पुष्कळ पंडित नुसता घोर अंधार असा घेतात. ते कसेही असो. ह्या अंधारात पाऊल पडते त्याच वाक्यात ‘तो’ जाऊन ‘तू’ येतो. आता देवाविषयी बोलण्यास सवड नाही; आता देवाशी बोलावे लागते. आणि एकदा आलेला हा ‘तू’ घळ संपल्यावरही, शत्रूंच्या देखत मांडलेल्या मेजवानीपर्यंत टिकतो. कवीने हे योजून केले की नाही ह्याचा निकाल लावण्याची आम्हांस आवश्यकता वाटत नाही. काळोखात बरोबरच्या माणसाला हाक मारून पाहणारा मनुष्यही योजून हाक मारीत नसतो.

ह्यावरून सुखाची स्तोत्रे सर्व तृतीयपुरुषी व दुःखाची सर्व द्वितीयपुरुषी असा नियम मात्र कोणी बांधू नये. आठवे स्तोत्र ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाखाली रचलेले, निव्वळ आनंदाचे आहे, आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत देवाशीच बोलते. साहित्यात असे अपवाद नसते तर टीकाकारांचे काम फारच सोपे झाले असते.

येथे आपल्या भाषेचा एक लाभ सांगितला पाहिजे. हिब्रूत एकास उद्देशून निराळे व अनेकांस उद्देशून निराळे सर्वनाम आहे. जुन्या इंग्रजीतही तसे होते. ते आता व्यवहारातून गेले. त्यामुळे आजचा इंग्रज वाचक नवे भाषांतर वाचतो तेव्हा त्यास राजा, शेजारी, सभा व देव ह्यांना एकच सर्वनाम आढळते. आणि जुने भाषांतर वाचतो तेव्हा जे मुळात सलगीचे होते तेच त्यास दरबारी व भारदस्त भासते. दोन्हीकडून तो फसतो. मराठी माणूस वडिलांस ‘तुम्ही’ म्हणतो, गुरुजींस ‘आपण’ म्हणतो, आणि आईस व देवास ‘तू’ म्हणतो. हा ‘तू’ कानावर पडताच त्यात किती जवळीक आहे व किती हक्क आहे हे त्यास कोणी समजावून द्यावे लागत नाही. स्तोत्रसंहितेचे मर्म ज्या शब्दात आहे तो शब्द आपल्याकडे जिवंत आहे.

सुखाच्या दिवसांविषयी ह्या कवींचे म्हणणे अधिक सूक्ष्म आहे, आणि आमच्या मते अधिक दुर्लक्षिले गेलेले आहे. संकट आले म्हणजे देव आठवतो ही तर नित्याची म्हण झाली. पण भरभराटीत तो विसरला जातो तो नेमका कसा? तिसावे स्तोत्र जिवावरच्या दुखण्यातून उठलेल्या मनुष्याचे आहे. आभार मानता मानता तो मागे वळून पाहतो व सांगतो की आपले बरे चालले होते तेव्हा आपण मनाशी म्हणत होतो, आता आपल्याला काही ढळविणार नाही. एवढेच. ह्यात देवाची निंदा नाही, अनाचार नाही, नास्तिक्य नाही. निवृत्तिवेतन ठरलेले, मुले मार्गी लागलेली, अशा कोणत्याही सद्गृहस्थाचे हे वाक्य आहे. दोष असला तर तो इतकाच की ते वाक्य तो स्वतःशी बोलतो. पुढल्याच वचनात देव मुख लपवितो, मनुष्य गडबडतो, आणि संबोधन परत येते. आणि ते येते तेही हिशेबी थाटात: मी मेलो तर तुझा फायदा काय, माती का तुझे गुण गाणार? असा युक्तिवाद पंढरपुरात मुळीच परका वाटला नसता.

त्र्याहत्तराव्या स्तोत्रात हाच विषय उलट बाजूने येतो, कारण तेथे भरभराट दुसऱ्याची आहे. दुर्जनांचे अंग कसे भरले आहे, डोळे चरबीने कसे बाहेर आले आहेत, गर्व ते कंठ्याप्रमाणे कसा मिरवितात, हे कवीने अशा बारकाईने टिपले आहे की वाचकास हसू येते व मागाहून लाज वाटते. मत्सराखेरीज इतके निरीक्षण होत नाही. ह्या स्तोत्राच्या पहिल्या चौदा वचनांत देवास उद्देशून ‘तू’ एकदाही नाही. मी आहे, ते आहेत, आणि देव आहे तो ज्याच्याविषयी लोक बोलतात असा. पंधराव्यात प्रथम संबोधन डोकावते, मग कवी मंदिरात जातो, आणि तेथून पुढे ते सुटत नाही. तेथे त्यास कोणते दर्शन घडले हे तो सांगत नाही. दुर्जनांचा शेवट वाईट होईल असे तो म्हणतो खरे, पण स्तोत्र संपते तेव्हाही त्यांच्या संपत्तीस धक्का लागलेला नाही. बदलले आहे ते कवीच्या वाक्यातील सर्वनाम.

आता दुःखाच्या स्तोत्रांकडे वळू. ह्यांतील पुष्कळ स्तोत्रे रडण्याने आरंभ करून एकाएकी विश्वासाच्या सुरात संपतात. हे वळण इतके अचानक असते की पंडितांस त्याचे कोडे पडले. गुंकेलचा शिष्य योआखिम बेग्रिख ह्याने १९३४ साली अशी कल्पना मांडली की मध्यंतरी मंदिरातील याजक ‘भिऊ नको’ अशा अर्थाचे देववचन उच्चारीत असावा. ते लिहिले गेले नाही, त्याचा परिणाम तेवढा स्तोत्रात राहिला. तर्क चतुर आहे आणि खराही असेल. परंतु ज्याने कधी दुःख दुसऱ्यापाशी बोलून दाखविले आहे त्यास ठाऊक आहे की उत्तर येण्यापूर्वीच, नुसत्या बोलण्याने, मन पालटू लागते. याजकाची गरज नाही असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक वेळी त्यास बोलावण्याची घाई करू नये इतकेच.

आणि ज्या स्तोत्रात वळण येतच नाही त्याचे काय? असे स्तोत्र एक आहे, अठ्ठ्याऐंशीवे. रात्रंदिवस, दररोज, पुन्हा पहाटे, असा त्यात तीन वेळा आक्रोश होतो. एकदाही उत्तर येत नाही. मनुष्य लहानपणापासून खंगत आलेला आहे, जिवंतपणीच मृतांत जमा झाला आहे, आणि आप्तेष्ट दुरावले आहेत. शेवटचा शब्द अंधार हा आहे. भक्तिपर पुस्तकांचे लेखक ह्या स्तोत्राजवळ आले म्हणजे पावले उचलतात, किंवा पहिल्या वचनात देवास तारणारा म्हटले आहे तेवढे पकडून बसतात. आम्ही वाचकांस एक सोपा प्रयोग सुचवितो. ह्या स्तोत्रातील क्रियापदांचे कर्ते कोण ते पाहत जावे. खड्ड्यात टाकणारा कोण? तू. लाटांखाली दडपणारा कोण? तू. मित्रांस दूर नेणारा कोण? तू. रोग, दैव, शत्रू ह्यांच्या नावे काहीच मांडलेले नाही. सर्व देणे एकाच्याच खाती आहे. सबंध संहितेत अंधार जेथे सर्वांत दाट आहे तेथे ‘तू’ असा ओळीमागून ओळ येत राहतो. ह्यास सांत्वन म्हणता येणार नाही. पण ह्या माणसास देव नाही असेही म्हणता येणार नाही. उलट त्यास देवाखेरीज दुसरे काहीच उरलेले नाही. ज्या घरात मृत्यू येऊन गेला आहे त्या घरात हिरव्या कुरणाचे कार्ड पाठविण्यापेक्षा हे स्तोत्र पाठविणे अधिक सभ्यपणाचे होईल, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते.

वॉल्टर ब्रूगमन (१९३३–२०२५) ह्या अमेरिकन पंडिताने १९८४ साली स्तोत्रांची जी त्रिविध मांडणी केली ती अलीकडे फार प्रचारात आहे. जीवनाची घडी बसलेली असतानाची स्तोत्रे, घडी विस्कटल्यानंतरची, आणि अनपेक्षित नवी घडी बसल्याची, असे ते तीन वर्ग होत. चर्चची उपासना गाऱ्हाण्यांस टाळून नुसत्या गोड सुरावर जगू पाहते, हा त्याचा आक्षेप मार्मिक आहे आणि त्याने तो निर्भीडपणे मांडला. तथापि ह्या तीन पायऱ्यांचा शिष्यांच्या हाती लवकरच जिना होतो. वाचक समजू लागतो की विस्कटलेपण हा मधला मुक्काम, पुढे नवी घडी ठेवलेलीच आहे. अठ्ठ्याऐंशीव्याचा कवी त्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसलेला नाही. त्यास जिना दिसतच नाही.

सान्निध्य नेहमी हवेहवेसे असते असेही हे कवी धरून चालत नाहीत. एकशे एकोणचाळिसावे स्तोत्र सर्वव्यापी देवाचे स्तवन म्हणून शाळांतून पाठ करवितात. पण त्यातील मनुष्य आरंभी पळण्याच्या वाटा मोजतो आहे: वर आकाश, खाली अधोलोक, पहाटेचे पंख, समुद्राचे पैलतीर, अंधार. देवाने त्यास मागून पुढून वेढले आहे. हा शब्द शहरास वेढा घालण्याच्याही प्रसंगी वापरतात. चहूकडून पाहिले जाण्याच्या गुदमरण्यातून तो हळूहळू विस्मयाकडे येतो. म्हणून पुढे, शेवटल्या वचनांत, माझे अंतःकरण पारखून पाहा असे तोच आपणहून विनवितो, तेव्हा त्या विनवणीस किंमत येते.

आता ज्या प्रश्नास टाळून ह्या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल तो प्रश्न: शाप. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी घालून दिलेल्या नियमात दीडशेही स्तोत्रे आठवड्यात एकदा म्हणून व्हावीत अशी योजना होती. रोमन कॅथलिक चर्चने १९७१ साली काढलेल्या नव्या नित्यप्रार्थनाग्रंथातून मात्र ५८, ८३ व १०९ ही तीन स्तोत्रे शापांमुळे संपूर्ण गाळली, आणि इतर काही स्तोत्रांतील कठोर वचने कापली. त्यात एकशे सदतिसाव्याचा शेवट आहे. बाबिलोनच्या नद्यांकाठी रडणाऱ्या निर्वासितांचे हे गीत जगप्रसिद्ध आहे. त्याच्या अखेरीस शत्रूची तान्ही मुले खडकावर आपटणाऱ्यास धन्य म्हटले आहे, हे जगास तितके ठाऊक नाही.

ही काटछाट ज्यांनी केली त्यांचा हेतू आम्ही समजू शकतो. सार्वजनिक प्रार्थनेत म्हणावे असे ते शब्द नव्हेत. परंतु गाळण्यापूर्वी वाचले पाहिजे. सातव्या वचनात हा कवी देवाशी बोलत आहे. यरुशलेम पडत असता अदोमी लोकांनी काय केले ते आठव, असे तो देवास सांगतो. आठव्या वचनापासून तो देवाशी बोलण्याचे सोडतो आणि बाबिलोनकडे वळून तिला ‘तू’ म्हणू लागतो. ते भयंकर वाक्य देवास उद्देशून नाही. ज्या आसनावर देव बसावयाचा तेथे शत्रू येऊन बसला आहे. क्रोध देवापुढे मांडला असता तर तोही, एकशे नवव्यातल्याप्रमाणे, गाऱ्हाणेच राहिला असता. येथे तो सुटला आहे. परवशतेने मनुष्याचे काय होते ह्याचा इतका खरा पुरावा प्राचीन वाङ्मयात थोडाच असेल, आणि तो कापून ठेवल्याने गीत मधुर होते पण खोटे होते. फाळणीच्या वेळी काय बोलले गेले हे ज्या देशाने ऐकले आहे त्या देशातील वाचकाने तरी ह्या वचनापुढे नाक मुरडू नये.

मराठीत ही संहिता कशी आली ह्याचा इतिहास येथे थोडक्यात सांगून भागणार नाही. अलिबाग-पनवेलच्या बाजूस शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएल लोकांची मायबोली मराठी व उपासनेची भाषा हिब्रू. सणासुदीस म्हणावयाची ११३ ते ११८ ही स्तोत्रे कोकणच्या किनाऱ्यावर मुळातच म्हटली जात, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच समाजाने बायबलातील कथांवर मराठी कीर्तनेही रचली. पंडिता रमाबाईंनी केडगावी मुक्तिसदनात बसून, हिब्रू व ग्रीक शिकून, सबंध बायबलाचे भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, पूर्ण छापून निघाले. ज्या बाईने दुष्काळात आईबाप गमावले, ऐन तारुण्यात पती गमावला, आणि ज्यांची एकुलती कन्या मनोरमा त्यांच्या आधी १९२१ मध्ये गेली, त्यांना ‘कोठवर’ ह्या शब्दासाठी कोश उघडावा लागला नसेल. संस्कृतप्रचुर भाषा टाळून साध्या बायकांस समजेल असे लिहिण्याचा त्यांचा आग्रह होता, आणि स्तोत्रांच्या बाबतीत तो आग्रह विद्वानांच्या आग्रहाहून अधिक शास्त्रीय ठरतो. हिब्रूत ज्यास ‘नेफेश’ म्हणतात त्याचा मूळ अर्थ घसा, श्वास, प्राण असा आहे. इंग्रजीत त्याचा आत्मा केला, आणि बेचाळिसाव्या स्तोत्रातील हरिणीसारखी तहान तत्त्वज्ञानाच्या हवाली केली. मराठीत त्याचा ‘जीव’ झाला. जीव तहानतो, कासावीस होतो, टांगणीस लागतो, कोणासाठी तुटतो. हिब्रू शब्दाचे जवळजवळ सर्व व्यवहार ह्या एका शब्दाने सांभाळले.

‘हेसेद’ ह्या शब्दास मात्र मराठीत असा जोडीदार भेटला नाही. एकशे छत्तिसाव्या स्तोत्रात सव्वीस वचनांच्या अंती सव्वीस वेळा तो येतो, आणि आपण त्याचे ‘दया’ करतो. दया वरून खाली येते. ती देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हेसेद हे दिल्या शब्दास जागणे आहे, आणि त्यावर दुसऱ्या बाजूस हक्क सांगता येतो. गाऱ्हाण्यांचा सारा जोर ह्या हक्कात आहे. बायबलाच्या दोन भागांस ‘जुना करार’ व ‘नवा करार’ अशी नावे देताना मराठी भाषांतरकारांनी जमिनीच्या व सावकारीच्या कागदांतला शब्द घेतला, तो ह्या दृष्टीने फार अचूक होता. स्तोत्रांच्या भाषांतरात तो व्यवहारी रोखठोकपणा थोडा अधिक उतरावयास हवा होता.

आणि अठ्ठ्याऐंशीव्याचा तो शेवट. मुळात तेथे क्रियापद नाही. स्नेही ह्या अर्थाचा शब्द आणि त्याला लागून अंधार ह्या अर्थाचा शब्द, इतकेच. स्नेही अंधारात गेले, की अंधार हाच काय तो स्नेही उरला, हे कवीने उघडे ठेवले आहे. बहुतेक भाषांतरकार दोहोंपैकी एक अर्थ निवडतात, एखादे ‘आहे’ किंवा ‘झाले’ घालून वाक्य पुरे करतात, आणि मग अंधार हा शब्द शेवटचा राहत नाही. मराठीस असे क्रियापद टाकून बोलणे मुळीच जड नाही. आपण दिवसातून शंभरदा तसे बोलतो. पुढल्या भाषांतरकाराने त्या ठिकाणी क्रियापद घालू नये.